राजाचा हललेला हात

शिरूर

शिरूरच्या एसटी स्टँडवर उतरले तेव्हा माझ्या काखेत एक राजा होता. चादरीत गुंडाळलेला, सुतळीने बांधलेला, काचेच्या चौकटीतला. पुण्यापासून मी त्याला मांडीवर उभा धरून आणला, कारण वरच्या फळीवर लोकांच्या पिशव्या होत्या आणि पायाशी कुणाचा तरी पंपाचा पाइप. तिकीट काढताना कंडक्टरने विचारलं, आत काय आहे. आठ वर्षांच्या मुलाचा फोटो आहे, असं मी सांगितलं. मग त्याचंही अर्धंच, म्हणून तो पुढे गेला. बायकांना हल्ली अर्धं तिकीट असतं. राजाला आणि मला त्याने एकाच भावात बसवलं.

मी दक्षिणेकडच्या एका जुन्या संस्थानी गावात राहते आणि तिथल्या लहानशा संग्रहालयात जुने फोटो सांभाळते. सांभाळते म्हणजे काचांवरची बुरशी पुसते, कॉम्प्युटरवर चढवते आणि खाली लावायच्या पाट्या लिहिते. संस्थानाचं नाव सांगत नाही. वारस हयात आहेत आणि छापून आलेलं सगळं वाचतात.

हा राजा दत्तक होता. गादीला वारस नव्हता, म्हणून शिरूरकडच्या एका भाऊबंद घरातून मुलगा आणला, त्याचं नाव बदललं आणि वर्षाच्या आत त्याला फोटोग्राफरपुढे बसवलं. एकोणिसाव्या शतकात राजाच्या मुलाचा फोटो आठवण म्हणून काढत नसत. तो जाहीरनामा असायचा, आणि त्यातली प्रत्येक वस्तू कुणीतरी विचार करून ठेवलेली असायची. या मुलाच्या उजव्या हातात तलवार आहे. ती इतकी लांब की टोक गालिच्यावर टेकवावं लागलंय. त्याचा अर्थ, घराणं शूर आहे. शेजारी टेबलावर जाड इंग्रजी पुस्तक, मिटलेलं. म्हणजे मुलगा शिकतोय, काळजी नसावी. पुस्तकाला टेकून विलायतेच्या राणीचा छोटा फोटो. म्हणजे आपण कुणाचे ताबेदार आहोत हे दरबाराला ठाऊक आहे. मागे पडद्यावर रंगवलेला ग्रीक खांब, जो आमच्या गावात तेव्हाही नव्हता आणि आताही नाही. पाय जमिनीला पोचत नाहीत, म्हणून खाली मखमली चौरंग. राजाचे पाय लोंबकळताना दिसून चालत नाहीत.

विलायतेत तरी निराळं काय होतं? तिथल्या राजपुत्रांना खलाशाचे कपडे चढवून उभं करत, म्हणजे लोकांना वाटावं, पोरगं आतापासून आरमाराच्या कामाला लागलंय. खेळणं सहसा कुठेच नाही. हसूही नाही. तेव्हाच्या काचेवर चित्र उमटायला वेळ लागे आणि तेवढा वेळ हसू धरून ठेवणं मोठ्यांनाही जमत नसे. मुलांनी हलू नये म्हणून मानेमागे लोखंडी चिमटा लावत. आमच्या राजाच्या खुर्चीमागून त्या चिमट्याच्या स्टँडचा एक पाय डोकावतो.

एवढा बंदोबस्त करूनही एक गोष्ट हललीच. राजाचा डावा हात. तो कमरेशी आहे, शेल्याच्या आत अर्धा गेलेला आणि धुरासारखा पुसट. बाकी सगळं इतकं लख्ख की गळ्यातले मोती सुटे सुटे दिसतात. हात तेवढा फिसकटलेला. मी पाटीवर लिहिलं होतं, ‘डावा हात कमरेवर ठेवण्याची राजेशाही ढब’. आमच्या नव्या साहेबांचं म्हणणं होतं की प्रदर्शनात फोटो मोठा करून लावायचाय, तेव्हा हात कॉम्प्युटरवर नीट करून घ्या, फार खराब दिसतो. मी हो म्हणाले होते, पण हात लावायला हात होत नव्हता.

मग दिवाळीनंतर निमोण्याचा संतोष संग्रहालयात आला. शिरूरजवळ रांजणगावच्या एमआयडीसीत कामाला असलेला हा चाळिशीतला माणूस बायकामुलांना घेऊन देवदर्शनाला निघाला होता आणि वाटेत आमच्याकडे डोकावला. फोटोपुढे उभा राहून त्याने पहारेकऱ्याला सांगितलं की हा आमच्या घरातला आहे. पहारेकरी हसला आणि त्याला माझ्याकडे घेऊन आला. राजा शिरूरकडचा, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत होतं. त्याचं मूळ घर अजून नांदतंय, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. संतोषच्या वडिलांचे, ज्ञानबा आबांचे, पणजोबा या मुलाचे सख्खे थोरले भाऊ. आबा ऐंशीच्या पुढे गेलेले. संग्रहालयात फोटो काढायला बंदी, आणि मोबाईलवर पाठवते म्हटलं तर संतोषने घरी लावलेल्या फोनवर आबांनी मलाच सांगितलं, ‘राजाचं तोंड मोबाईलात बघायचं न्हाई, ताई. खरा फोटू आणा. त्ये पोरगं आम्हाला इसारलं का न्हाई, एवढंच बघायचंय मला.’

फोटोत असं काही दिसत नाही, हे मी त्यांना तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगवलं नाही. मोठी प्रत काढून घेतली, चौकट बसवली आणि रजा टाकली.

आणि खरं सांगायचं तर नुसता फोटो पोचवायला मी निघाले नव्हते. मी स्वतः सहाव्या वर्षी मावशीकडे शिकायला गेले. मावशी चांगली होती, पोटभर घालायची, कधी हात उगारला नाही. तरी उशीला ओळखीचा वास नसायचा. आई सुट्टीत भेटायची, मग भेटी विरळ झाल्या, मग ती गेलीच. मी नसताना ती माझं काही जपून ठेवत होती का, ठेवलं असेल तर काय, हे मला कधी कळलं नाही. आई मला हवी होती. आता गुडघे कुरकुरायच्या वयातही हवी आहे.

संतोषची पाळी सुटायला अवकाश होता, म्हणून स्टँडसमोर भेळ खाल्ली. आमच्याकडे भेळेवर ओलं खोबरं पडतं. इथे कांदा हात सैल सोडून घालतात, आणि घालणारच, मार्केट यार्डाकडून येणाऱ्या प्रत्येक टेम्पोला कांद्याचाच वास होता. हॉटेलवाल्याने चादरीतली चौकट पाहून विचारलं, देव आहे का. राजा आहे म्हटल्यावर त्याने ती खाली ठेवू दिली नाही, स्वतः एक खुर्ची ओढून आणली. पुन्हा खुर्ची, असं माझ्या मनात आलं.

निमोणे

संतोष मोटरसायकल घेऊन आला. राजाला आम्ही दोघांच्या मधे बसवलं आणि निघालो. जानेवारीचे दिवस, दोन्ही बाजूंनी ऊस आणि मधूनमधून कांद्याची लागण. उसाच्या कडेने बिबट्याचे फलक लागलेले. संतोषच्या घराला चारी बाजूंनी जाळी मारलेली आहे, पोरं दिवस कलला की आत. दाराशी खुंटीवर एक पट्टा लटकत होता, बाहेरच्या बाजूने टोकदार खिळे असलेला. कुत्र्याचा असेल असं मला वाटलं. तो संतोषच्या बायकोचा, सुनंदाचा निघाला. उसाच्या कडेला वाकून काम करताना बिबट्या मान धरतो, म्हणून बाया तो गळ्यात बांधतात. माझ्या काखेतल्या मुलाच्या गळ्यात मोत्यांचा सातपदरी कंठा होता. ज्याला जशी भीती, तसं तो गळ्यात बांधतो, एवढं मला त्या खुंटीपाशी समजलं.

आबा अंगणात कडुनिंबाखाली बसले होते. दाढी नुकती केलेली, टोपी कडक इस्त्रीची. मला आत यायला सांगतील म्हणून मी उंबऱ्याकडे वळले तर सुनंदाने हात आडवा केला. ती तांब्या आणि भाकरीचा तुकडा घेऊन आली, माझ्यावरून आणि काखेतल्या गाठोड्यावरून तुकडा ओवाळून लांब टाकला, पाण्याचं बोट माझ्या डोळ्यांना लावलं आणि मग चादरीलाही लावलं. म्हणाली, ‘लई वर्सांनी पोरगं घरी आलंय.’ माझ्या घरी असा तुकडा माझ्यावरून आई टाकायची, सुट्टीत आले की.

सुतळी आबांनी स्वतः सोडली. शेजारपाजारचे चार लोक जमले होते. एका आजीबाईंना ती मुलगीच वाटली, एवढे दागिने पाहून. कानात बाळ्या, गळ्यात कंठा, डोळ्यांत काजळ. कुणी तलवारीचं कौतुक केलं, कुणी खुर्चीच्या सिंहाचं. आबा चौकट मांडीवर घेऊन बघत राहिले, पुन्हा लांब धरून बघितलं. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, ‘ह्यातलं आमचं काय हाय, ताई?’

मी पाट्या लिहिणारी बाई. वस्तूंचे अर्थ सांगणं हा माझा धंदा. पण तलवार दरबाराची होती, कंठा दरबाराचा, पुस्तक साहेबाचं, खांब फोटोग्राफरचा आणि चौरंग कुठल्याशा राणीसाहेबांच्या महालातला. अंगावरचा धागादेखील निमोण्याचा नव्हता. दत्तविधानात जुने कपडे उतरवून नवेच घालतात. मी जे होतं ते सांगितलं. आबांनी मान हलवली.

सुनंदा काचेवर वाकली होती. तिने राजाच्या डाव्या गालाकडे बोट केलं. तिथे एक काळा ठिपका आहे. मी तो आजवर काचेवरचा डाग समजत होते. ती म्हणाली, तीट आहे. लावणाऱ्याने नीट लावलेली, जरा खाली, कानाच्या बाजूला, म्हणजे तिथेही कुणीतरी मायेचं माणूस होतं त्याला. मला एकदम बरं वाटलं. आबांनाही वाटलं असावं, कारण त्यांनी तो ठिपका बराच वेळ पाहिला. पण नंतर म्हणाले, तीट त्यांची झाली. आपल्या घरातलं काय नेलं त्याने?

रात्री मासवडी होती. बेसनाची उकड, आत तीळ-खोबऱ्याचं सारण, वर लाल रस्सा. आमच्याकडे रस्सा म्हटला की त्यात मटण असतं, इथे या शाकाहारी वडीलाही ‘मास’ म्हणायची हौस. मी तीनदा वाढून घेतली. आबांनी भाकरी नुसती कुस्करली आणि गोष्ट सांगितली.

घराण्यातली मोठी माणसं घोड्यांवरून आली, पोरं पाहिली आणि धाकट्याला पसंत केलं. त्याचं नाव धोंडू. आधीची दोन भावंडं गेली होती, म्हणून आईने मुद्दाम दगडाचं नाव ठेवलं होतं, यमाची नजर जाऊ नये अशा हिशेबाने. यमाची गेली नाही, दरबाराची गेली. बाप तयार झाला. आई घोड नदीच्या उतारापर्यंत बरोबर गेली आणि तिथे तिने एक काम केलं. आपल्याकडे बैल विकला तरी त्याचं दावं विकत नाहीत. दावं काढून घरी ठेवायचं, दुसरं बांधून द्यायचं. म्हणजे घरची बरकत घरी राहते आणि जनावर पुन्हा दारात येतं, असं मानतात. त्या बाईने पोराच्या कमरेचा करगोटा सोडला आणि स्वतःजवळ ठेवला. लहान मुलांच्या कमरेला काळा गोफ बांधतात तोच.

जनावर परत आलं नाही. दरबाराने भेटीगाठी बंद केल्या, पोरगं मोठं होऊन गादीवर बसलं, आणि निमोण्याला कधी कुणी घोडेस्वार आला नाही. घरात दोन तट पडले. कुणी म्हणायचं, त्याला येऊ दिलं नाही. कुणी म्हणायचं, राजा झाल्यावर कोण कशाला आठवण काढतंय. आबांचे वडील दुसऱ्या तटातले होते आणि तसंच म्हणत गेले. आबांना तसं म्हणत जायचं नव्हतं.

करगोटा कुठे आहे, असं मी विचारलं. आबा जरा ओशाळले. करगोटा त्यांनीही पाहिलेला नव्हता. धोंडूच्या आईने तो मुलांकडे दिला नाही, लेकीकडे दिला, आणि तेव्हापासून तो घरातल्या थोरल्या लेकीकडेच असतो. ती गेली की पुढच्या पिढीतल्या थोरलीकडे. पुरुषांना तो दाखवत नाहीत. सध्या तो आबांच्या थोरल्या बहिणीकडे होता, वरवंडला, दौंड तालुक्यात. ‘दिलं बाप्यांनी, ठिवलं बायांनी, असं अक्का म्हंती,’ आबा म्हणाले. ‘बरुबर बी हाय तिचं.’

वरवंडच्या वाटेवर

सकाळी संतोषने भावकीतली गाडी मागून आणली. मी फोटो चादरीत गुंडाळायला घेतला तर आबांनी गुंडाळू दिला नाही. त्याला मुलूख बघू द्या, म्हणाले, आणि राजाचं तोंड खिडकीकडे करून चौकट मांडीवर धरून बसले. न्हावऱ्याच्या पुढे उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती. एकेका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या आणि गाणी कान फुटतील एवढ्या आवाजात. त्यांच्यामागे आम्ही बैलगाडीच्या चालीने निघालो. आबा मधूनमधून हळू आवाजात राजाला सांगत होते, ही अमक्याची विहीर, हा तमक्याचा मळा. विहिरी बहुतेक धोंडूनंतरच्या असणार, पण मी मधे बोलले नाही.

भीमेवरचा पूल ओलांडल्यावर एका गुऱ्हाळाशी थांबलो. ताज्या गुळाचा वास लांबूनच गाडीत शिरला होता. मोठ्या काहिलीत रस उकळत होता आणि वरची मळी काढणारा माणूस उत्तर प्रदेशातला होता. आमच्याकडेही गुऱ्हाळं आहेत, पण आमचे गुळवे आमच्याच गावचे. इथे गुळाची भाषा हिंदी झाली आहे. त्याने पानावर गरम गूळ दिला, वर शेंगदाणे, आणि आबांच्या मांडीवरचा फोटो पाहून थबकला. ‘ये बच्चा रो के बैठा है,’ असं तो म्हणाला. मग त्याने आपल्या मुलाचा फोटो मोबाईलवर दाखवला. होळीनंतरच आता भेटेल, असं सांगत. मी राजाच्या डोळ्यांकडे पुन्हा पाहिलं. काजळ खालच्या पापणीला जरा पसरलेलं आहे खरं. गूळ फार चांगला होता आणि मला पुढे खाववेना.

वरवंड

वरवंडला पुणे-सोलापूर रस्ता गाठला आणि ट्रॅक्टरांपासून सुटका झाली. इथल्या जुन्या तलावाला लोक व्हिक्टोरिया तलाव म्हणतात. संतोषने नाव सांगितल्यावर मी आबांना फोटोतला टेबलावरचा राणीचा फोटो दाखवला, की ही तीच. आबा म्हणाले, ‘हितं बी आली व्हय ही.’ त्या दिवसातलं त्यांचं हे पहिलं हसणं.

अक्कांचं घर तलावाच्या रस्त्याला, गावाच्या टोकाला आहे. सून ऊस तोडायच्या टोळीच्या हिशेबाला गेली होती, घरी अक्का एकट्याच. नव्वदीला टेकलेल्या, काचबिंदूने दोन्ही डोळे गेलेले, पण आवाज खणखणीत. भाऊ आलाय हे त्यांनी चपलांच्या आवाजावरून ओळखलं. का आलाय ते ऐकून घेतलं आणि सांगितलं, ‘ज्ञानू, तू आन् संतोष हितंच ओसरीवर बसा. बाई एकली आत येऊ दे.’ ऐंशी पार केलेले आबा निमूट बसले. मी चौकट उचलून आत गेले.

अक्कांनी उशाखालून कुंकवाचा पितळी करंडा काढला. त्यात कुंकू नव्हतं. एक काळा गोफ होता, वेटोळं घातलेला, पार विटून गेलेला, एका जागी चपटा झालेला. त्यांनी तो माझ्या तळहातावर ठेवला. वजन म्हणून काही लागलंच नाही. आठ वर्षांच्या मुलाची कमर केवढी असते हे मी विसरले होते.

आणि मग त्यांनी गोष्ट सांगितली, तीच, नदीच्या उताराची. पण बायांकडून आलेली. आबांना ठाऊक नसलेला एक तुकडा तिच्यात होता.

‘त्या पोराला एक सव हुती,’ अक्का म्हणाल्या. ‘करगोट्यात बोट घातल्याबिगर झोपायचं न्हाई. डाव्या हाताचं बोट घालायचं, पीळ देत ऱ्हायचं, मग डोळं मिटायचं. रडू आलं तरी त्येच. आईनं दाव्यावानी करगोटा काढून घेतला, पोरगं माघारी यावं म्हणून. घरी आल्यावर तिच्या ध्यानात आलं. आता त्यो काय धरून झोपंल?’

त्या बाईने हेच आयुष्यभर विचारलं म्हणे. लेकीला, सुनेला, विहिरीवर भेटेल त्या बाईला. पोरगं आपल्याला विसरलं का, हे तिने कधी विचारलं नाही. ते पुरुषांचं. बायांकडे एकच प्रश्न चालत आला, करगोट्याबरोबर: त्याला झोप लागली असेल का?

मी ऐकत होते आणि माझ्या समोर, पलंगाला टेकून, तो फोटो उभा होता. कमरेशी गेलेला डावा हात. शेल्याच्या आत अर्धा. वर्षानुवर्षं मी त्या हाताला ढब म्हणत होते. मानेला चिमटा, हातात तलवार, समोर फोटोग्राफर, हलायचं नाही असं सांगितलेलं, रडून झालेलं. आणि पोराचं बोट कमरेला शोधत होतं, जे तिथे नव्हतं ते. त्या फोटोत मांडलेल्या सगळ्या वस्तू दरबाराने मांडल्या होत्या. हललेला हात तेवढा धोंडूचा होता.

मी ते अक्कांना सांगितलं. त्यांनी ओसरीकडे तोंड करून भावाला आत बोलावलं. आबा उंबऱ्यात घुटमळले. ये म्हटल्यावर ये, अक्का म्हणाल्या, आता तूही पाहा. धोंडूच्या घरातल्या पुरुषाने तो गोफ पहिल्यांदा पाहिला. आबांनी टोपी काढली. मी त्यांना हात दाखवला, काचेवर बोट ठेवून, आणि सव सांगितली. समजायला त्यांना वेळ लागला नाही.

‘म्हंजी इसारला न्हवता,’ आबा म्हणाले. दोनदा म्हणाले. चेहरा उजळला होता आणि ते मागोमाग उंबऱ्यात आलेल्या संतोषकडे बघून मान डोलावत होते, जणू वडिलांशी चाललेलं जुनं भांडण आत्ता निकालात निघालं होतं.

अक्का रडत होत्या. त्यांना तोच हात उलटा लागला होता. भाऊ म्हणत होता आठवण होती, आणि बहिणीला कळत होतं की वर्ष उलटत आलं तरी पोराला धरायला काहीच मिळालेलं नव्हतं. ‘तवाबी हुडकतच हुता की रं,’ एवढंच त्या म्हणाल्या. दोघांचंही खरं होतं. मला मात्र अक्कांबरोबर रडू आलं, राजासाठी आणि माझ्यासाठीही, काही वेगळं काढता येईना. त्यांनी चाचपडत माझा हात शोधला आणि आई आहे का, असं विचारलं. नाही म्हटलं. मग त्यांनी गोफाचं टोक माझ्या बोटाला गुंडाळलं आणि आम्ही दोघी तशाच बसलो. माझ्या आईने माझं काय ठेवलं होतं, ते मला आता कळणार नाही. पण काही ना काही ठेवलं असणार, एवढं त्या पलंगावर मला पटलं.

(पाटीवरची ती ओळ मी परत आल्यावर काढून टाकली. हात जसा आहे तसाच भिंतीवर लागला आहे, चांगला मोठा. त्यावरून साहेबांशी जे झालं ते इथे नको.)

निघायची वेळ झाली. फोटो कुठे ठेवायचा, निमोण्याला की वरवंडला, यावर वाद होईल अशी मला भीती होती. पण आबाच म्हणाले, करगोटा आहे तिथे पोरगं असू दे. संतोष खिळा-हातोडी शोधून घेऊन आला आणि दारासमोरची भिंत ठोकून पाहू लागला; येणाऱ्या-जाणाऱ्याला राजा पहिला दिसला पाहिजे, असं त्याचं म्हणणं. अक्कांनी ठोकण्याचा आवाज ऐकला आणि काय चाललंय ते विचारलं. मग त्यांनी चौकट मागून घेतली, मांडीवर आडवी ठेवली, माझं बोट धरून काचेवर फिरवत तो हात शोधला आणि करगोटा नेमका त्याच्यावर ठेवला.

‘भिंतीला नगं,’ त्या संतोषला म्हणाल्या. ‘लई बसिवलाय त्याला. हितं माझ्याजवळ निजवा.’